४८ भावना, दोन कोरी कार्डं आणि एक ज्वारीचा डबा

माझं मिरजेत औषधाचं दुकान आहे. कुठलीही पेटी हातात आली की आधी उलटी करून मागचं वाचायचं, ही सवय आता जाणार नाही. मुलांसाठी मागवलेली 'भावना आणि विचार' पेटी आली तेव्हाही तेच केलं. मागं छापलं होतं : वय ३ ते १२ वर्षे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच. तीन वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या पोराला एकच डोस मी तरी देत नाही.

पेटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा चार-पाच पेट्या वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळतात आणि आत साधारण तोच माल असतो. मला कुणा एकाची तक्रार करायची नाही. ही वस्तू घरात प्रत्यक्ष कशी चालते, एवढंच सांगायचंय. जूनमध्ये शाळा सुरू होताना मागवली. छापील किंमत १,२९९ रुपये, सवलतीत ९९९ ला पडली. आता नोव्हेंबर संपत आला. घरात थोरला नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी सहाची, पहिलीत. आणि सासूबाई, ज्यांच्या हिशेबी ही पेटी म्हणजे 'हजार रुपयांचे पत्ते'.

आत ४८ भावनांची कार्डं, ४० प्रश्नांची कार्डं, बाण फिरवायचं एक पुठ्ठ्याचं चक्र, रागाचा थर्मामीटर (हाही पुठ्ठ्याचाच), पालकांसाठी २४ पानी पुस्तिका आणि दोन कोरी कार्डं. छपाई चांगली, पुठ्ठा जाड. मात्र आमच्याकडच्या जुलैनं कार्डांचे कोपरे वळले आणि चक्राचा बाण फुगून बसला. एक कार्ड दोनदा आलं होतं. कळवल्यावर 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. नोंद अजून घेतलेलीच आहे.

आता मुख्य दुखणं. ते भाषेचं आहे.

पेटीवर 'मराठी आवृत्ती' असं ठळक लिहिलंय. पहिल्याच संध्याकाळी थोरल्यानं कार्ड उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "मी उत्तेजित आहे." माझा नवरा पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी आमची पन्हाळ्याची सहल होती म्हणून पोरगं आनंदानं उड्या मारत होतं, आणि त्याच्या हातात कंपनीनं हा शब्द दिला होता. पुढचं कार्ड 'निराशाग्रस्त'. चित्रात एक मुलगा बुटाची नाडी बांधतोय आणि ती सुटतेय. अहो, त्याला 'वैताग' म्हणतात! आमच्या घरात दिवसातून चाळीस वेळा उच्चारला जाणारा शब्द आहे तो. तिसरं 'अपराधभावनायुक्त'. ते धाकटीला वाचताच येईना.

चित्रांचंही तेच. सगळी पोरं लोकरी टोप्या घालून बर्फात. 'एकटेपणा' या कार्डावरचं मूल खिडकीतून पडणारा बर्फ बघतंय. धाकटीनं विचारलं, "याला एकटं वाटतंय की थंडी वाजतेय?" हा प्रश्न त्या चाळीस प्रश्नांपेक्षा बरा होता.

पुस्तिका सांगते की मूळ भावना सहा. हे पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाचं जुनं गणित : राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य. चेहऱ्यावरून ओळखता येतील अशा भावनांची ती यादी आहे, आणि तेवढ्यापुरती ठीकच आहे. पण मी कॉलेजात एकांकिकेत काम करायचे तेव्हा आमच्या सरांनी नाट्यशास्त्रातले आठ स्थायी (मनात टिकून राहणारे) भाव आणि ३३ व्यभिचारी (येऊन जाणारे) भाव घोकून घेतले होते. त्या ३३ मध्ये एक आहे अवहित्थ. म्हणजे आतलं बाहेर दिसू न देणं. शाळेतून आलेल्या मुलाला "काय झालं?" विचारल्यावर दप्तर भिरकावून तो जे "काही नाही" म्हणतो ना, ते अवहित्थ. आपल्याकडे या गोष्टीला नाव होतं. या पेटीच्या ४८ मध्ये ती नाही.

कोरी कार्डं दोन होती म्हणून ही पेटी आमच्याकडे टिकली. ऑगस्टमधली गोष्ट. थोरला शाळेतून आला, डबा तसाच. मी उघडला तर भाकरी आणि सुकटाची चटणी जशीच्या तशी. विचारलं तर अवहित्थ. मी पेटी काढली. त्यानं कार्डं पसरली, 'दुःख' उचललं आणि खाली ठेवलं. 'राग' उचललं, तेही ठेवलं. 'लाज' जरा वेळ हातात धरलं आणि म्हणाला, "हे पण नाही." मग तुटक तुटक बाहेर आलं. डबा उघडल्यावर शेजारच्या बाकावरच्या मुलानं नाक धरलं, बाकीचे हसले, आणि यानं झाकण लावून टाकलं. राग त्या मुलावर नव्हता, तो मित्रच. चटणी त्याला आवडते, तेव्हा लाजही नाही. मग नक्की काय?

सासूबाई पलीकडं मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कानकोंडं झालं असंल पोराला."

"म्हणजे काय गं आजी?"

"म्हणजे चारचौघांत उठावं का बसावं कळत नाही, हात कुठं ठेवावेत कळत नाही, तसं. मी लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस तशीच होते."

थोरल्यानं मान हलवली. "हां. तेच." मग कोरं कार्ड घेतलं, त्यावर एक मोठा कान काढला, कानाला कोंडून घेतल्यासारखी कडी लावली आणि खाली लिहिलं : कानकोंडं. व्युत्पत्ती बरोबर आहे की नाही देव जाणे, पण त्यानंतर तो जेवला. आजीच्या लग्नाबद्दल त्यानं त्या दिवशी आणखी सात-आठ प्रश्न विचारले. ती आठ दिवस कशी कानकोंडी होती हे मलाही पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

भावनेला नाव दिलं की ती जरा निवते, हा पुस्तिकेतला दावा उगाच केलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला होता. रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना माणसांनी भावनेचं नाव निवडलं, की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते. पण तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, आणि पुस्तिका तो मुलांवरच झाल्यासारखा सांगते. शिवाय, नाव आपलं असायला हवं. 'अपराधभावनायुक्त' म्हणून कुणाचा अमिग्डाला शांत होत असेल असं मला वाटत नाही.

त्याच पुस्तिकेत मार्शमेलो या मऊ, गोड खाऊची गोष्ट मोठ्या कौतुकानं दिली आहे. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढं एक खाऊ ठेवला आणि सांगितलं, थांबलास तर दोन मिळतील. जी थांबली ती पुढं आयुष्यात पुढं गेली, इति पुस्तिका. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्या थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराचसा विरघळला. पुस्तिकेनं ही दुसरी अर्धी गोष्ट सांगितलेली नाही. मुलांना 'विचार करायला' शिकवणाऱ्या पेटीत हे जरा खटकतं. माझ्या दुकानात आईबरोबर येणारी पोरं मी बघते. ज्याला उद्याच्या खाऊच्या गोळीची खात्री असते तो आज थांबतो. ज्याला नसते तो आत्ताच खातो, आणि त्याच्या बाजूनं तेच शहाणपण असतं.

दुसरी चूक माझी. दोन आठवड्यांत ही पेटी मी छडीसारखी वापरायला लागले. धाकटी चिडली की, "जा, कार्ड घेऊन ये! आधी सांग काय वाटतंय!" थर्मामीटर लाल दाखवत असेल तर दहापासून उलटे आकडे. वरून मी घड्याळाकडं बघत उभी, कारण साडेपाचला दुकान उघडायचं. एक दिवस चक्रच गायब. सगळं घर धुंडाळलं. चार दिवसांनी सासूबाईंना ते ज्वारीच्या डब्यात, तळाशी सापडलं. धाकटीनं पुरलं होतं. मी रागावले नाही. चक्र बाहेर काढून झटकलं आणि माळ्यावर टाकलं. तिथंच आहे. पेटी घेतलीत तर चक्र आणि थर्मामीटर आधीच बाजूला काढा. मूल चिडलेलं असताना पेटी काढायचीच नाही. आम्ही आता रात्री जेवणं झाल्यावर काढतो, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि सगळ्यांनी एकेक कार्ड उचलायचं. नवऱ्यानंसुद्धा. त्याच्याकडं पहिले चार दिवस 'थकवा' हे एकच कार्ड होतं.

प्रश्नांची ४० कार्डं हा पेटीचा खरा कस. पैकी दहा-बारा उत्तम, पंधरा भरतीची, उरलेली चक्क परीक्षेची. परीक्षेची कशी ते सांगते. प्रत्येक कार्डामागं 'योग्य उत्तर' छापलंय. "मित्रानं दुसऱ्याची पट्टी घेतली तर तू काय करशील?" मागं : शिक्षकांना सांगेन. माझ्या थोरल्यानं तीन दिवसांत ओळखलं की उत्तरं मागं आहेत आणि ती पाठ केली. मला वाटायला लागलं, काय समंजस झालंय पोर! मग एकदा कार्ड उलटं पकडलेलं दिसलं. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता. शाळा, स्कॉलरशिपची पुस्तकं, आम्ही, सगळ्यांनी मिळून त्याला हेच शिकवलंय की प्रश्नाच्या पाठीमागं कुठंतरी उत्तर छापलेलं असतं. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून चाळीसही कार्डांच्या मागच्या बाजूवर दुकानातली पांढरी लेबलं चिकटवली. पाऊण तास लागला.

त्यानंतर मजा आली. एक कार्ड आहे लाकूडतोड्याच्या गोष्टीचं. प्रश्न असा : 'लाकूडतोड्यानं खरं का सांगितलं?' मागं होतं, 'प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण.' आता तिथं लेबल. धाकटी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, जलदेवतेला माहीत होतं ना कुऱ्हाड कुठली ते?"

"हो, माहीत असणार."

"मग सोन्याची दाखवून विचारलं कशाला? ती पण खोटंच बोलत होती ना?"

थोरला म्हणाला, "ती परीक्षा घेत होती."

"कुऱ्हाड पडल्यावर परीक्षा? तो रडत होता!"

यावर त्यांचं अर्धा तास चाललं. गरिबाची परीक्षा घ्यावी का, सोन्याच्या कुऱ्हाडीनं झाड तुटतं का, ती विकायला गेला तर सोनार त्याला चोर समजेल की नाही. सोनाराचा मुद्दा नवऱ्यानं काढला आणि तो मला फार पटला. मी या काळात एकदाच बोलले, "झोपा आता." तेही बोलायला नको होतं.

पेटीतलं सगळ्यात भारी कार्ड मात्र दिसायला अगदी साधं आहे. चित्र नाही. फक्त, 'हे तुला कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं?' या एका कार्डाचे मी ९९९ पैकी ५०० रुपये धरते.

मुलं संध्याकाळी तासभर दुकानात बसतात. सप्टेंबरमध्ये एक काका मोबाइल पुढं करत आले. तोच जुना मेसेज : अमुक पांढऱ्याशुभ्र, चकचकीत पॅरासिटामॉलमध्ये 'माचुपो' विषाणू आहे, घेऊ नका, सगळ्यांना पाठवा. हा मेसेज गेली कित्येक वर्षं मरत नाही. मी नेहमीसारखी समजावणार, तेवढ्यात काउंटरमागून थोरला म्हणाला, "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मेव्हण्यानं."

"त्यांना कसं कळलं?"

काका हसले. मग आम्ही तिघांनी मिळून शोधलं. माचुपो हा खराखुरा विषाणू, पण बोलिव्हियातला, तिथं १९५९ च्या सुमारास त्याची साथ ध्यानात आली आणि तो उंदरांमुळं पसरतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. कोरडी गोळी त्याच्या काय कामाची? थोरल्यानं भिंतीवरच्या नकाशात बोलिव्हिया शोधलं. काकांनी मेव्हण्याला उत्तर पाठवलं की नाही ते कळलं नाही, पण पॅरासिटामॉलची पट्टी घेऊन गेले.

मुलाचं कौतुक वाटलं, हे कबूल. आठवडाभर नातेवाइकांना सांगत होते. मग तेच कार्ड माझ्यावर उलटलं.

औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते ती कशासाठी, हे मीच त्याला सांगितलं होतं : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. अँटिबायोटिकच्या बाबतीत त्या रेघेचा सरकारनं २०१६ मध्ये मोठा प्रचारही केला होता. एका संध्याकाळी ओळखीच्या आजी आल्या, चुरगळलेली चिठ्ठी दाखवली, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेल्या. थोरल्यानं विचारलं, "आई, चिठ्ठीवर तारीख मागच्या वर्षीची होती ना?"

"त्यांच्या नेहमीच्याच गोळ्या आहेत."

"तुला कसं कळलं, अजून त्याच लागतात?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. आजींचा मुलगा पुण्यात असतो. डॉक्टरांकडं जायचं म्हणजे रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे. मी नाही दिल्या तर शेजारचा देईल. तिन्ही खरी, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर एकातही नाही. मी म्हटलं, "नाही कळलं." दुसऱ्या दिवशी आजींना फोन करून डॉक्टरांकडं रक्तदाब मोजून यायला सांगितलं. त्या माझ्यावर रुसल्या. दोन आठवडे त्या शेजारच्या दुकानात जात होत्या. रात्री पेटी निघाली तेव्हा थोरल्यानं माझ्यापुढं दुसरं कोरं कार्ड सरकवलं. "तुझं यात नाहीये ना? लिही." मी बराच वेळ पेन धरून बसले आणि 'ओशाळणे' लिहिलं. चित्र काढायला जमलं नाही, ते धाकटीनं काढलं. माझ्यासारखीच कुणीतरी, काउंटरच्या खाली लपलेली.

तर घ्यावी का? सहा-सात वर्षांच्या पुढचं मूल असेल, रोज नाही पण आठवड्यातून दोनदा फोन लांब ठेवून वीस मिनिटं बसायची तयारी असेल, तर घ्या, पण सवलतीतच. १,२९९ च्या लायकीची नाही. तीन-चार वर्षांच्या पिल्लासाठी घेऊ नका. त्याला कार्ड नाही, मांडी लागते. 'हे पेटी शिकवेल, मी तोवर स्वयंपाक करते' असा बेत असेल तरी घेऊ नका. ती कपाटात जाईल, नाहीतर ज्वारीत. आणि मूल खरंच सतत घाबरलेलं, झोप उडालेलं, शाळेचं नाव काढलं की पोट दुखणारं असेल, तर पत्त्यांच्या नादी न लागता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानदार म्हणून हे मला लिहिलंच पाहिजे.

बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं : भाषांतरकाराला बाजूला बसवून चार आज्यांना बोलवा. रुसवा, हिरमोड, चुटपूट, हुरहूर, धास्ती, फुरंगटणं, खट्टू होणं, यांतलं एकही ४८ मध्ये नाही. आणि कोरी कार्डं दोन काय देता, वीस द्या.

आमची दोन केव्हाच संपली. आता सिरपच्या बाटल्यांची रिकामी खोकी उलगडून आतल्या पांढऱ्या बाजूवर नवी करतो; परवा मोजली तर २३ भरली. शेवटचं सासूबाईंचं आहे. त्यांना लिहायला आवडत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं आणि धाकटीनं एकेक अक्षर लावत लिहिलं : 'कुणीच काही विचारत नाही तेव्हा वाटतं ते'. नाव अजून सापडलेलं नाही. कार्ड फ्रिजवर लावून ठेवलंय.